लाल काठाच्या चिंध्या

क्षीरोदा : आणि हे काय, मास्टरमोशाय? गोवरी थापलीय की चित्र आहे?

निर्माल्य : चित्रच आहे, मासीमा. माती, भाताचा कोंडा, फाटकं जाळं, हाताला लागेल ते. बाहेर पडायचं, जमिनीवरचं उचलायचं आणि त्यातून मनातलं उमटवायचं, एवढीच आमची शिकवणी.

क्षीरोदा : मनातलं उमटवायला कलकत्त्याहून माझ्या आमराईत यावं लागतं? आमच्याकडं मनातलं तोंडानं सांगतात. फुकटात.

सुरंजना : सगळ्यांना कुठं सांगता येतं, मासीमा? मी दिवसभर बँकेत बसते. तिथं कोण विचारतं, तुझ्या मनात काय आहे म्हणून?

क्षीरोदा : तुझं ठीक आहे गं, सुरंजना. नवरा नाही, सासू नाही. मन ठेवायला घरात जागाच जागा. बरं, दोरीवरची पुढची दाखवा. धुकं उतरायला लागलं, मग काही दिसायचं नाही. ही बाई कोण? हिला तोंड का नाही?

निर्माल्य : ते राहू द्या, मासीमा. पुढचं बघा.

क्षीरोदा : का राहू द्या? झाड माझं, दोरी माझी, आणि मीच बघायचं नाही? हिच्या पदराला तर माझ्या गोधडीचा दोरा आहे. टगरनं केलंय ना हे?

निर्माल्य : तुम्ही दुपारी आडव्या झालात की येऊन बसायची सूनबाई.

क्षीरोदा : मी नको म्हटलं होतं तिला. म्हटलं, तुझ्या मनात आहे काय दाखवण्यासारखं? चुलीवर भात उतू जातोय तो बघ. तेव्हापासून अबोला धरलाय. हाक मारा, ओ नाही. भांडं आदळलं की समजायचं, ऐकू गेलं. पण तोंड का नाही काढलं?

सुरंजना : मीही विचारलं होतं. म्हणाली, आमच्या घरात एक तोंड आहे तेवढं पुरे.

क्षीरोदा : अस्सं. जीभ बरी आहे की पोरीची. माझ्याच हाताखाली तयार झालीय. येऊ दे हाटातून, बघते तिच्याकडं.

निर्माल्य : पलीकडच्या हाटात गेलीय? एवढ्या उशिरापर्यंत?

क्षीरोदा : मुरमुरे विकायला. येईल आता, नदी उतरून. थंडीत पाणी कुठलं, सगळी वाळूच. मघाशी त्या काठाच्या उतारावर विजेरी हलताना दिसली, तीच असणार. हे शेवटचं कुणाचं?

सुरंजना : माझं.

क्षीरोदा : हे लाल कुठून आणलंस?

सुरंजना : नदीत सापडलं. बांबूच्या काटक्यांना चिंध्या बांधलेल्या होत्या. पांढऱ्या वाळूवर ते लाल इतकं सुंदर दिसत होतं. मला वाटलं, कुणाच्या तरी पूजेतलं राहिलं असेल.

क्षीरोदा : पूजेतलं नाही, माझ्या अंगावरचं आहे ते. नवरा गेला तेव्हा लाल काठाच्या सगळ्या साड्या मी माझ्या हातानं फाडल्या. घाटावरची नाव आमची. पाणी आटलं की वाळूतली वाटही आमच्याच घरानं आखायची. आधी हे आखायचे, आता माझा पोरगा हाराधन आखतो. लाल दिसलं की तिकडं चालायचं, तिथून पुढच्या लालकडं. बाजूला पाऊल नाही.

निर्माल्य : बाजूला काय आहे?

क्षीरोदा : ट्रकवाले वाळू उपसून गेलेत ते खड्डे. वरचा पापुद्रा सुकतो, खाली नुसता रबडा. मागच्या पौषात शेजारच्या मंडलांचा बैल गेला. शेवटी नुसती शिंगं दिसत होती, मग तीही नाही. सुरंजना, किती उपटल्यास?

सुरंजना : मधल्या सगळ्या. पण चित्रात दोनच लावल्यात, मासीमा.

क्षीरोदा : आणि बाकीच्या?

सुरंजना : परत रोवल्या.

क्षीरोदा : होत्या तिथं?

सुरंजना : नाही. खालच्या अंगाला. वळण देत, ओळीनं. वाळू ओली आहे, चकाकते, तिथं फोटो चांगला येत होता.

निर्माल्य : मीच शाबासकी दिली तिला. मासीमा, मी जातो, काढून आणतो.

क्षीरोदा : तुम्ही हलू नका. आणखी एक खड्ड्यात नको. पोरी, फोन लाव हाराधनला.

सुरंजना : लागत नाहीये.

क्षीरोदा : गूळ घेऊन बोलपूरला गेलाय तो. लागला तरी येणार कधी?

सुरंजना : टगरदीला लावू?

क्षीरोदा : तिचा फोन चुलीशेजारी पडलाय. माझा आवाज कानाला नको म्हणून बरोबर नेत नाही. तू मंडलांकडं पळ. म्हणावं दोर आणा, बांबूची शिडी आणा, सगळे या. चपला टाक, पळ. टगर. अगं ए टगर. आहेस तिथं थांब. पाऊल उचलू नकोस.

(धुक्यातून काहीच येत नाही.)

निर्माल्य : अजून त्या काठालाच असेल.

क्षीरोदा : विजेरी कुठं दिसतेय?

निर्माल्य : धुकं आहे, मासीमा. आपला काठसुद्धा धड दिसत नाही.

क्षीरोदा : टगर.

निर्माल्य : ऐकू जात नसेल.

क्षीरोदा : जातं. या घाटावरून मारलेली हाक पलीकडं जाते, जन्मभर मारतेय. पण माझ्या हाकेला ती ओ देत नाही, सांगितलं ना मघाशी. तुम्ही मारा. ये म्हणू नका, आवाजावर सरळ चालत येईल. थांब म्हणा.

निर्माल्य : टगर. थांब तिथंच. मी मास्टर बोलतोय. लाल खुणांवर जाऊ नकोस.

क्षीरोदा : श्वास धरा जरा. ऐकू द्या.

निर्माल्य : काही नाही.

क्षीरोदा : परत मारा. म्हणा, सासूनं तुझं चित्र पाहिलं. म्हणा, चांगलं काढलंयस.

निर्माल्य : टगर, मासीमांनी तुझं चित्र पाहिलं. चांगलं आहे म्हणाल्या.

क्षीरोदा : आणि म्हणा, त्या बाईला तोंड काढ तू, म्हातारी आपलं मिटायला तयार आहे.

निर्माल्य : मासीमा, हे तुमच्याच तोंडून...

क्षीरोदा : सांगा हो. एवढं ऐकल्यावर ती गप्प राहायची नाही.