वहीत न लिहिलेली एकोणचाळिसावी चूक

जबाब, दि. ०६/१०/२०२५, वेळ सकाळी ११.२०

मी, राजेंद्र गंगाराम रहाटे, वय ४७ वर्षे, व्यवसाय नोकरी (संगणक यंत्रणा सांभाळणे), रा. मिरजोळे, ता. जि. रत्नागिरी. मला कोणी बोलावलेले नाही. आपण होऊन ठाण्यात आलो आहे आणि समक्ष सांगतो की,

मी मिरजोळे येथील एका खासगी कंपनीत अकरा वर्षे कामाला आहे. कुठल्या बागेत, कुठल्या आंबा कलमावर कधी कोणती फवारणी झाली, याची फोटोसह नोंद आम्ही ठेवतो. भाट्ये ते पूर्णगड मिळून सहाशे बारा बागा आहेत. माझ्या हाताखाली नम्रता दादू मांडवकर, वय २६, ही चार वर्षे होती. तिला मुंबईत नोकरी लागली. मालक अनिलशेठ महिनाभर थांब म्हणाले, ती थांबेना, त्यावरून दोघांचे वाजले आणि दि. २९/०९ रोजी ती काम सोडून गेली. तिला मुंबईत दि. ०८/१० रोजी हजर व्हायचे आहे, म्हणजे परवा.

आमच्याकडे चुकांची एक वही आहे. ती मीच सुरू केली. संगणकाला चुकीचा हुकूम दिला की ज्याने दिला त्याने आपल्या हाताने वहीत लिहायचे, सर्वांसमोर मोठ्याने वाचायचे आणि चहा पाजायचा. वहीत अडतीस चुका आहेत. त्यातल्या सव्वीस नम्रताच्या, सुरुवातीच्या दोन वर्षांतल्या. वाचताना ती रडायची. मी म्हणायचो, रड, पण पूर्ण वाच. पुढे तिच्या चुका बंद झाल्या.

दि. २७/०९ रोजी नक्कल ठेवायची जुनी हार्डडिस्क बिघडली. नवीन कोरी डिस्क आणली. तोपर्यंत आठ वर्षांच्या नोंदी एकाच डिस्कवर होत्या. माझा जीव टांगणीला होता.

दि. ०१/१० रोजी खंडेनवमी होती. सकाळी १० वाजता यंत्रांची पूजा केली. डिस्क ज्यात बसतात आणि जिला सगळे संगणक जोडलेले आहेत, त्या नुसत्या पत्र्याच्या पेटीला कुंकू लावून काय उपयोग, असे माझे म्हणणे. म्हणून नोंदींची भरलेली आणि नवीन कोरी, अशा दोन्ही डिस्क बाहेर काढून पाटावर मांडल्या. दोन्ही दिसायला सारख्या. कुंकू नीट लागावे म्हणून त्यांवरच्या चिठ्ठ्या मी सोलून काढल्या. पूजलेले हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचे नाही, ही आमच्याकडची रीत आहे. दुपारी सगळे घरी गेले. मला धीर धरवेना.

सायंकाळी ४.४० वाजता मी दोन्ही डिस्क परत पेटीत बसवल्या. माझ्या संगणकावर झेंडूचा हार होता, तो काढवेना. नम्रता गेलेली, म्हणून तिच्या संगणकाला हार घातलेला नव्हता. मी तिच्या खुर्चीत बसलो. तिचे खाते बंद करायचे काम माझेच होते, ते राहिले होते. त्याच खात्यातून मी हुकूम दिला, की पहिल्या डिस्कवर आहे तसेच दुसरीवर कर, पहिलीवर नाही ते दुसरीवरून पुसून टाक. आधी काही न पुसता नुसती रंगीत तालीम घ्यायची सोय असते. ती न घेता हुकूम द्यायचा नाही, हा वहीतला पहिला नियम माझ्याच अक्षरात आहे. तालीम घेतली नाही.

पडद्यावर बागांची नावे भराभर सरकू लागली. नक्कल होत आहे असे मला वाटले. पूर्णगडच्या बागा आल्या तेव्हा नीट वाचले. पुसले, पुसले असे येत होते. थांबवेपर्यंत सर्व गेले होते. डिस्क उलटसुलट बसल्या होत्या. कोरीची नक्कल भरलेलीवर झाली. मी संगणक बंद केला, डिस्क पाटावर होत्या तशा ठेवल्या आणि घरी गेलो.

दि. ०३/१० रोजी अनिलशेठनी नम्रताने रागाने नोंदी पुसल्याची तक्रार दिली. खाते तिचे, संगणक तिचा. मला विचारले तेव्हा मी गप्प राहिलो.

काल दि. ०५/१० रोजी सायंकाळी ६ वाजता तिचे वडील दादू मांडवकर माझ्या घरी आले. त्यांनी चप्पल बाहेर काढली, पण घरात आले नाहीत. उंबऱ्यातून म्हणाले, "राजेंद्रभाऊ, तुमी शिकवलंत तिला. तिनं ह्ये केलान असंल काय?"

मी म्हणालो, "मला काय माहीत."

ते बरं म्हणाले आणि गेले. त्या माणसाला मी पाणीसुद्धा विचारले नाही. मला माझी लाज वाटली.

नोंदी मी पुसल्या. लिहिणारे हवालदार लवू शितप यांनी 'तांत्रिक बिघाड' असा शब्द सुचवला. तो घालू नये, चूक असेच लिहावे. गप्प राहिलो ती चूक नव्हती, ते मी कळून केले, हेही लिहावे. नम्रताचा यात काही संबंध नाही. तिला परवा जाऊ द्यावे.

चौकशीसाठी बोलावलेली नम्रता समोरच्या बाकावर वडिलांसोबत बसली आहे. वही तिच्या मांडीवर आहे. आपली प्रत्येक चूक आपण स्वतः लिहिली आहे, हा निर्दोष असल्याचा पुरावा म्हणून तिने ती कंपनीतून मागून आणली आहे.

लिहिलेला जबाब हवालदार वाचून दाखवणार होते. मी तो त्यांच्याकडून मागून घेतला व सर्वांसमोर उभे राहून स्वतः मोठ्याने वाचला. उंबऱ्याच्या मजकुरापाशी मी थांबलो. तेव्हा नम्रता म्हणाली, "सर, पूर्ण वाचा."

पूर्ण वाचला. सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

सही
(राजेंद्र गंगाराम रहाटे)