नवा राउटर आणि सलीमचाचा

तुम्हाला सांगतो, त्या नव्या राउटरवर माझा भरवसाच नव्हता. जुन्याची रेंज आमच्या ओट्यापुरतीच होती, म्हणून शेजारचे सलीमचाचा रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन दुबईतल्या लेकाशी बोलायचे. पासवर्ड माझ्या वडिलांनीच, अण्णांनीच दिलेला. नव्याची रेंज थेट चाचांच्या घरात गेली, तसे ते घरूनच बोलायला लागले.

दोन-चार दिवसांनी हा नवा रोज संध्याकाळी बंद पडायला लागला. मी दुकानदाराशी भांडलो. तो म्हणाला, "मशीन चांगलं आहे साहेब. घरात कोण बटन बंद करतंय का बघा."

मला वाटलं, हा हात झटकतोय. तरी पाळत ठेवली. दिवेलागणीला अण्णा उठले, राउटरचं बटन हळूच बंद केलं आणि ओट्यावर जाऊन बसले. थोड्या वेळानं चाचा मोबाइल घेऊन आले.

"क्या अण्णा, आज भी नेट गया?"

"व्हय ना. पोरानं लई भंगार मशीन आणलंय. बसा, चहा घेऊ."

मी चहा घेऊन बाहेर आलो, तर अण्णा माझ्याकडं बघून म्हणतात, "उद्या त्या दुकानदाराला जरा झाप."