‘मशीन बंद’ ही ओळ माझी आहे

सन्माननीय अध्यक्ष हिंदुराव साहेब, प्राचार्य ज्ञानेश सर, व्यासपीठावरची संस्थेची मंडळी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या वर्षाली कुऱ्हाडे मॅडम, समोरचे शिक्षक, मुलं-मुली आणि मागं उभे असलेले माझे वर्कशॉपचे भाऊ, सगळ्यांना सोपान बोऱ्हाडेचा नमस्कार.

मला दोन मिनिटं दिली आहेत. कागद लिहून आणलाय, अडखळलो तर सांभाळून घ्या. शिक्षण सातवी. चिखलीच्या एका शेडमध्ये अठरा वर्षं पॉवर प्रेस चालवला, म्हणजे पत्रा दाबून कापायचं मशीन. नंतर ह्या कॉलेजच्या वर्कशॉपात मदतनीस म्हणून सतरा वर्षं काढली. ह्या हातांनी मी चौदा माणसांची बोटं मशीनखालून वेचली आहेत. एकदा तर माझ्या डब्यातली भाकरी बाहेर काढली, त्यात एकाची बोटं ठेवली आणि त्याला धरून रिक्षात बसलो. रस्ताभर तो मला विचारत होता, “डबा सांडला न्हाई ना?”

समारंभात असं बोलू नये, मला कळतं. पण मॅडमचं काम सांगायचं तर दुसरं काय सांगू?

मॅडम नव्या आल्या तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, “बाईमाणूस प्रेसवर काय शिकवणार?” त्यांनी ते ऐकलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “काका, तुम्ही शिकवा, मी लिहून घेते.” त्यातून प्रेसवर सुरक्षित काम कसं करायचं त्याची पुस्तिका झाली. मॅडमनी ती इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली ठेवली. कोणत्याही कॉलेजनं घ्यावी, आपल्या भाषेत करावी, सुधारावी, पुन्हा सगळ्यांना द्यावी. तेव्हा ऑफिसात कुणीतरी विचारलं, “आपल्या कॉलेजचं दुसऱ्याला फुकट का द्यायचं?” मॅडम म्हणाल्या, “राजगुरुनगरच्या कॉलेजातल्या पोरांची बोटं लोखंडाची असतात का?” सव्वीस कॉलेजांनी ती घेतली. कुणी चित्रं घातली, कुणी हिंदी केली.

आता मला जे बोलायचंय ते कागदावर नाही.

गेल्या मार्चात खेडच्या बाजूच्या एका कॉलेजची मुलगी, मोनिका, चाकणच्या एका कारखान्यात शिकायला होती. पत्र्याचा तुकडा अडकला. तिनं आपली पुस्तिका वाचली होती. त्यात लिहिलंय, ‘मशीन बंद करून हात घाला.’ तिनं बटण दाबून मशीन बंद केलं, हात घातला. पाय चुकून प्रेस खाली आणायच्या पायडलवर पडला. मोटर बंद होती, पण बाजूचं जड चाक अजून फिरत होतं. त्या चाकाच्या जोरावर प्रेस खाली आला. मनगटापर्यंत काही राहिलं नाही.

आठव्या दिवशी तिचा भाऊ अजिंक्य चार जणांना घेऊन आपल्या वर्कशॉपात शिरला. हातात गज. आधी काचा फुटल्या, मग कॉम्प्युटर. पुस्तिकेचं पान मॅडमच्या तोंडावर फेकून तो ओरडला, “ह्ये तूच लिवलंस ना? बंद केलं व्हतं तिनं! मग हात कुठं गेला? बोल की! हात कुठं गेला?” मॅडम म्हणाल्या, “मीच लिहिलंय.” त्यानं गज डोक्यात घातला. रक्त कपाळावरून हजेरीच्या वहीवर सांडलं. खाली पडल्यावरही एकानं लाथा घातल्या.

आणि मी कुठं होतो? कपाटाच्या मागं. चौदा माणसांची बोटं उचलणारा मी, एक पाऊल पुढं टाकलं नाही.

कारण ती ओळ मॅडमची नव्हती. मॅडमनी लिहिलं होतं, ‘मोटर बंद करा, चाक पूर्ण थांबू द्या, मगच हात घाला.’ मी म्हणालो, “मॅडम, एवढं कोण वाचतं? मशीन बंद करून हात घाला म्हणा, कामगाराला कळतं.” आमच्या उस्तादानं आम्हाला चाकावर खडूची रेघ मारायला लावली होती. रेघ स्थिर दिसली म्हणजे चाक थांबलं, तेव्हा मशीन बंद. आजच्या पोरांना बंद म्हणजे बटण दाबलं. एका शब्दाचे दोन अर्थ झाले, ते माझ्या ध्यानात आलं नाही. मॅडमनी माझ्यावर विश्वास ठेवला. डोक्याला अकरा टाके पडले तरी माझं नाव घेतलं नाही. अजिंक्यवरची तक्रारही मागं घेतली.

मॅडम, मान हलवू नका, मी बसणार नाही. अध्यक्ष साहेब, दोन मिनिटं झाली, मला दिसतंय.

संस्थेनं ठरवलंय की सोमवारपासून सगळ्या पुस्तिकांना कुलूप लावायचं, बाहेर कुणाला काही द्यायचं नाही. आणि मॅडमना राजीनामा द्यायला लावला. साहेब, तुम्ही इथं कुलूप लावाल. पण सव्वीस ठिकाणी ती ओळ गेली आहे, तिला कुलूप कोण लावणार? उद्या सकाळी सातच्या शिफ्टला कुठल्या तरी मशीनवर कुणाची तरी पोरगी ती वाचून हात घालेल. आपण खुलेपणानं चूक पाठवली, तर दुरुस्तीही खुलेपणानंच पाठवावी लागेल. बंद खोलीत सुधारलेली ओळ तिच्यापर्यंत कशी पोचणार?

म्हणून आज शालीऐवजी एवढं द्या. मॅडमचा राजीनामा परत करा. सव्वीस कॉलेजांना आजच कळवा, की मोटर बंद करा, चाकावरची रेघ स्थिर दिसेपर्यंत थांबा, मगच हात घाला. खाली लिहा, आधीची ओळ सोपान बोऱ्हाडेनं चुकवली होती. अजिंक्यला यायचं असेल तर माझं घर चिखलीत गणपतीच्या देवळामागं आहे. ह्या वेळी मी कपाटामागं जाणार नाही.

बोलायला जागा दिलीत, शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल अध्यक्षांचे आणि सगळ्यांचे आभार. बोलताना मर्यादा सुटली असेल, कुणाचं मन दुखलं असेल, तर म्हातारा म्हणून माफ करा. पुस्तिकेतली चूक मात्र माफ करू नका. ती आज संध्याकाळच्या आत दुरुस्त करा.