आबादानची सवाशीण

माझं माहेर राजापुराकडचं, बापूस काजूच्या बिया फोडायच्या कामाला, आणि लगीन करून दिलंन रत्नागिरीत, ह्या खालच्या आळीत, खाडीच्या तोंडाशी. घोव इराणात, आबादानला, तेलाच्या कंपनीच्या गावात, एका साहेबाच्या बंगल्यावर खानसामा. लोकं म्हणाली, पोरीचं नशीब उघडलं. उघडलं खरं, दोन वर्सांनी मलापण तिकडं नेलंनी.

आता आबादान कसं, तर नदीच्या अंगाला साहेबांचे बंगले, हिरवळ, त्या हिरवळीवर पाण्याच्या चकऱ्या फिरायच्या, आणि धुराड्यांच्या खाली आमच्या नोकरांच्या चाळी, आणि त्याच्याही पलीकडं पत्र्याच्या झोपड्या. वारा असा की धूर सगळा आमच्याकडं. गावं कशी वसवतात बघा, पैसेवाल्यानं वारापण निवडून घ्यायचा. माझं लुगडं कधी धड वाळलं नाय काळं झाल्याबिगर. पण दिवस सुखाचे व्हते, खोटं कशाला बोलू. झोपडीतली झोहरा भट्टीतली रोटी आणून द्यायची, मी तिला कुळथाची पिठी दिली तर नाक मुरडलंन आणि सगळी खाल्लीन.

मंग लढाई लागली. कुणाची नि कशापायी ते आमाला काय ठावं, नदीच्या पलीकडनं तोफा सुरू झाल्या. पयले गेले साहेब, त्यांच्या मोटारी व्हत्या. मंग कारकून. मंग आमी, मिळंल त्या ट्रकानं, आणि झोपडीवाले चालत. झोहराचं काय झालं ते मला आजपावेतो ठावं नाय. आणि साहेब जाताना ह्यांना सांगून गेलेला, बंगला सांभाळ, आठ दिवसांत येतो. मी म्हटलं चला हो, बंगला काय आपल्या बापाचा हाय? तर म्हणतात, अगं बंगल्याला तळघर हाय, आपल्या चाळीपरास तिथं भीती नाय, आणि ज्याचं मीठ खाल्लं त्याचं दार उघडं टाकून जाऊ? मला ट्रकात चढवलंनी, म्हणाले, तू हो फुडं, आयेला सांग मी येतोय.

ट्रक, मंग लाँच, मंग मोठी बोट, कशी आले ते विचारू नका. दारात उभी ऱ्हायले तर सासूनं भाकरतुकडा ओवाळून टाकलान आणि माझ्या मागं बघितलंन. आळीतल्या बाया विचारतात, काय आणलंस गो परदेशातनं? परदेशातनं आलं म्हंजे सोनं घेऊनच आलं. जीव घेऊन पळून आलेलं माणूस हितं कुणाला दिसतच नाय. काय सांगू तुमाला, अंगावरचं लुगडं तेवढं आणलं व्हतं.

तेव्हापासनं वर माळनाक्याला दोन बंगल्यांत भांडी घासते. पाणीपण तिकडंच, वर टाक्या भरून वाहतात आणि खाली आमच्या नळाला नुसता वारा. हसता काय, रत्नागिरी नि आबादान एकाच मेल्यानं आखलंन की काय असं वाटतं मला. मंग कळशी घेऊन विहिरीवर जायचं.

दोनेक वर्सांनी, ऐन शिमग्यात, राजिवड्याचा रहिमानभाई परत आला, तोपण तिकडं लाँचीवर अडकलेला. जेटीवर मला बाजूला बोलावलंन. म्हणाला, भाबी, मी बघितला तो बंगला. सगळं छप्पर तळघरात गेलंय. त्याच्या आदल्या दिवशीच तुमचा घोव भेटला व्हता मला तिथं. आता वाट बघू नका. आणि रडला, एवढा धिप्पाड बाप्या.

घरी आले, बांगड्या फोडायला दगड उचलला. सासू पालखीसाठी अंगण सारवत व्हती. मला बघून म्हणते, सुमन, उद्या पालखी आपल्या दारात येईल, देवीची ओटी तूच भरायची. मी रांडमुंड बाई, माझा हात चालत नाय. घरात सवाशीण तू एकटी हायस, माझ्या झिलाच्या नावाची.

काय करू सांगा. मी दगड खाली ठेवला. तिला बोलले नाय, आजपावेतो नाय. आळीतल्या बाया कुजबुजतात, हळदीकुंकवाला बोलवायचं टाळतात, टाळू देत. दर शिमग्याला पालखी येते, मी ओटी भरते. देवीला सगळं ठावं असणार, ती काय बोलत नाय.

मंग सासूच्या पाया पडते. तिला आता धड दिसत नाय. बोटांनी माझं कपाळ चाचपते, कुंकू हाय का बघते, आणि म्हणते, अखंड सौभाग्यवती हो. मी म्हणते, हो आये.