ह्यांच्या पायाचा क्लच

माझं माहेर बाळकुमचं, खाडीकाठचं, आम्ही कोळी. आता तिथे बिल्डिंगा झाल्या, माझी आई मासळीची पाटी घेऊन ज्या वाटेने जायची ती वाट मला पण आता दाखवता यायची नाय. लग्न होऊन डोंबिवलीला मानपाड्याला आले. आमचे हे एमआयडीसीत कंपनीची बस चालवायचे. आठवडाभर बस चालवून माणसाने रविवारी झोपावं की नाय, पण ह्यांना रविवारी पण स्टेअरिंगच पाहिजे. मग एक सेकंडहँड गाडी घेतली, पांढरी, आणि काय सांगू तुम्हाला, पन्नाशीच्या बाईला बोलतात, चल, बस, तुला शिकवतो.

रविवारी कंपन्या बंद, रस्ते रिकामे, तिथे शिकले मी. सगळं जमलं पण क्लच जमेना. डाव्या पायाने दाबायचा, गिअर टाकायचा आणि सोडत सोडत आणला की कुठेतरी गाडी पकडते. आमच्या गाडीचा पकडायचा अगदी वर, पाय जवळजवळ पूर्ण उचलल्यावर. क्लचची प्लेट घासलेली ना, कारण ह्यांची सवय, गाडी चालू असली की डावा पाय क्लचवर ठेवलेलाच. मी बोलायचे, अहो, पायपुसणं आहे का ते? तर हे बोलायचे, तू फक्त पाय उचलत राहा, उचलत राहा, घाई करू नको, वर आला की ती आपणहून हलेल. तसंच शिकले मी, तसंच चालवलं.

मागच्या गणपतीनंतर हे गेले. दुपारी जेवून झोपले ते उठलेच नाय. मी गाडी चालवत राहिले. खरं सांगू, बाजारात काही काम नसलं तरी काढायचे. पाय वर वर आणायचे आणि गाडी हलली की वाटायचं, बाजूला बसलेत, बोलतायत, बघ, जमलं की नाय.

मग गाडी ओढेनाशी झाली, नुसता आवाज करायची आणि जागच्या जागी. आमचे मेकॅनिक दिनेशभाऊ, ह्यांच्या ओळखीचे, ते बोलले, वहिनी, प्लेट संपली. नवी टाकली, आणि बजावलं, पहिले पाचशे किलोमीटर जपून, गर्दीत हळूहळू चालवा, रेस करू नका, चढावर अर्ध्या क्लचवर धरू नका, प्लेट बसायला वेळ लागतो. मी हो हो केलं. गॅरेजमधून निघाले, पाय उचलायला घेतला तर खालीच, अगदी खालीच पकडली, उडी मारली आणि बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. मागून रिक्षावाला ओरडला, ओ काकी, रिक्षा करा की! मला रागसुद्धा नाय आला. मी काच वर केली आणि रडले, माणूस गेला तेव्हा रडले नसेन तेवढी रडले.

दुसऱ्या दिवशी परत गॅरेजमध्ये. भाऊ, क्लच पहिल्यासारखा वर घ्या. ते बोलले, वहिनी, केबल एवढी ताणली तर नवी प्लेट नीट चिकटणार नाय. मी खोटं बोलले, बोलले गुडघा दुखतो, खाली जमत नाय. विधवा बाईला किती नाय म्हणणार, ताणली त्यांनी थोडी. मला थोडी पुरेना, अजून ताणा, अजून.

काय आनंद झाला सांगू! विठ्ठलवाडीला नणंदेकडे निघाले, पूर्ण रस्ता ह्यांच्याशी बोलत. पुलावर ट्रॅफिक, चढ, आणि वास आला, तव्यावर फडकं जळावं तसा. बाजूला घेतली, दिनेशभाऊंना फोन केला. बाईकवर आले, बॉनेट उघडायच्या आधीच ओरडले, नवी प्लेट जाळायला निघालात तुम्ही! तेव्हा मी खरं सांगितलं, गुडघ्याचं नाय, ह्यांचं. त्यांनी बॉनेटवरचा हात काढला. मग बोलले, दादांना मी दहा वेळा सांगितलेलं, पाय काढा पेडलवरून, माझ्या बापाचं पण ऐकलं नसतं त्यांनी. हसलो आम्ही दोघं, तिथेच पुलावर. मग त्यांनी पाना काढला आणि केबल सैल केली. मी बघितलं नाय, गाड्यांकडे बघत राहिले.

आता सातशेवर किलोमीटर झाले, प्लेट बसली, गाडी लोण्यासारखी चालते. दिनेशभाऊ खूश. मला तिचं तसं चालणं अजून आवडत नाय, खोटं कशाला बोलू?

परवा नीलेश आला, माझा पोरगा, पुण्याला असतो. त्याला पण ह्यांनीच शिकवलेली, ह्याच गाडीवर. बोलला, आई, आज मी चालवतो. गेटमध्येच बंद पाडली. पुन्हा बंद. तिसऱ्यांदा त्याने चावी फिरवलीच नाय, स्टेअरिंग धरून बसला. एवढा मोठा माणूस, दाढीवाला, मला विचारतो, आई, बाबांचा क्लच कुठे गेला?

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, बोलले, खालून सोड रे बाळा. जमतं हळूहळू.