पलंग तसाच राहू द्या

माझं नाव कस्तुरा. माहेर हुलसूरच्या पल्याड, अगदी शिवंवरलं गाव, निम्मं शेत इकडं कर्नाटकात आन् निम्मं महाराष्ट्रात, आन् मला दिलं खटकचिंचोळीला. घरात मराठी, बाजारात कन्नड, बांगडीवाल्या भाभीसंगं उर्दू, अशा तीन भाषा तोंडात घेऊनच मोठी झाले, शाळंत मात्र चौथीपतूरच गेले, पुढं कोन पाठवतंय. मग आमचे मालक, म्हंजे माझ्या लेकीचे, सविताचे वडील, बिदरला आडतीवर हमालीला लागले, आन् मी ह्या लॉजवर लागले रूम साफ करायला. लॉजवर जायलीय म्हनल्यावर गावात लोक कसंकसं बघायचे, काय सांगू तुमाला, माझी सासू तर शेजारनीला सांगायची, सून येका मोठ्या सायबाच्या घरी कामाला हाय. मी म्हनायचे, सांगू द्या, खोटं थोडंच हाय, फकस्त सायेब रोज नवा असतोय.

मला हे काम आवडतंय. खरंच आवडतंय, उगं म्हनायचं म्हनून म्हनत न्हाई. घरी तुमी केवढंबी आवरा, मालक आले की टावेल हिकडं, चपला तिकडं, आन् मी वराडायलेय. हितं तसं न्हाई. खिडकी उघडायची, जुनी चादर काढायची, नवी अशी झटकून टाकायची की मधी हवा भरून ती फुगतीय, मग चारी कोपरे आत दाबायचे, हात फिरवायचा, येक सुरकुती ठेवायची न्हाई. आन् दार वडून घेतलं की पावना येईपतूर ती रूम तशीच राहतीय. माझ्या आयुष्यात केलेलं तसंच राहिलं अशी दुसरी कुटली गोष्ट मला तर आठवत न्हाई बगा.

आता तुमी लिव्हायसाठी जे इचारायलात ना, बक्षिसीचं, ते सांगते. सुरवातीला मला ठावंच नव्हतं. कुनी पलंगावर नोट ठेवून गेलं की मला वाटायचं इसरले बिचारे, आन् मी पळत खाली काउंटरवर नेऊन द्यायचे. आमचे म्यानेजर हसायचे. अगं अक्का, ते तुझ्यासाठीच ठेवलंय. मी म्हनले माझ्यासाठी कामून, मला पगार हाय की. आन् आमच्याकडं कसं हाय, पावना आपल्या दारात आला तर आपन त्याला द्यायचं, चहा द्यायचा, जेवायला घालायचं, जाताना बाई असली तर खनानारळानं ओटी भरायची. पावन्याकडून घ्यायचं असतंय का? मी न्हाई म्हनले की न्हाई. म्यानेजर म्हनले, लई ताठ हाय बाई.

मग येक अफजलपूरकडचे अण्णा आले. त्यांच्या बायकोचं हितं ऑपरेशन झालं होतं, ते दवाखान्यात दिवस काढायचे आन् आंघोळीपुरतं रूमवर यायचे. मी त्यांचा डबा धुवून ठेवायचे, धोतर वाळू घालायचे, कामात नव्हतं ते, पन करायचे. बायको बरी झाली तवा तिला घेऊनच ते निघाले, आन् माझ्या हातात नोट ठिवायला लागले. मी हात मागं घेतला. तवा ते म्हनले, तायी, भावानं ओवाळनी घातली तर ती काय परत करायलीस व्हय? मी दोनी हात पुढं केले, आन् लुगड्याच्या पदराला डोळे पुसले. तवापासनं घेते. टाकून गेलेलंबी घेते, खोटं कामून बोलू, पन हातात दिलेलं येगळं लागतंय.

तर आमची सविता. येकच लेक, कलबुर्गीला नर्स हाय. ती म्हनली आई, तुला म्हैसूरला न्यायचं, चांगल्या हॉटेलात ठिवायचं. मालक म्हनले, जा की, पलंग आवरायचं सोडून पलंगावर लोळायला जायलीस, म्या बगतो म्हशीकडं. म्हैस आमच्याकडं हाय कुटं! त्यांची आपली चेष्टा. रेल्वेत रातभर मला झोप न्हाई. वाटायलं, जलमभर लोकांच्या रूमवर राबले, आता आपल्या रूमवर कोन राबनार आन् तिच्याकडं आपन कसं बघायचं.

हॉटेल लई झ्याक होतं. पन सवय कुटं जाती हो. सकाळी उठले ते पयलं चादर वडून नीट केली, बाथरूम धुतलं, कचऱ्याचा डबा दाराभाइर ठिवला, टावेल घडी घालून ठिवले. सविता म्हनली आई, आपन सुट्टीला आलोय. मी म्हनले गप, त्या बाईला किती रूम असत्यात तुला काय ठाव, तेवढाच तिच्या पाठीला आराम. मग ती आली. गौरम्मा तिचं नाव, माझ्याच वयाची, डोक्यात मोगऱ्याचा गजरा. तिनं रूम बघितली, माझ्याकडं बघितलं, आन् चादरींची गाडी ढकलत पुढल्या रूमवर गेली. रोज मी तसंच केलं. आन् मनात खूश, म्हनलं कसं पुन्याचं काम करायलेय मी.

निघायच्या दिवशी सवितानं उशीखाली नोट ठिवली. मी उचलली. म्हनले उशीखाली कामून, ती काय चोरी हाय, हातात देऊ. मी भाइर जाऊन गौरम्माला बोलावलं आन् नोट पुढं केली. तर ती म्हनली, ब्याड अक्का. नको. मी म्हनले घे की, लाजू नको. ती म्हनली, मी तुमच्या रूममधी काय केलंच न्हाई, मग कशाचं घेऊ? आन् मग खाली बघत बोलली. तुमाला माझा हात लागलेला चालत न्हाई म्हनून तुमीच करायलात, असं मला वाटायलं. आमच्या कामावरच्या मोठ्या बाईनंबी इचारलं, त्या रूमचे लोक तुला आत कामून घेत न्हाईत.

काय सांगू तुमाला. मला ठाव हाय ना हात न चालनं म्हंजे काय. आमच्या गावात मी बघितलंय कुनाच्या चहाला येगळा गिलास असतोय ते. आन् मी, मी त्या बाईला तसं वाटायला लावलं! मी माझ्या बिदरच्या कन्नडात भडाभडा सांगितलं, अगं बाई, मीबी हेच काम करते, तुझी पाठ दुखू नये म्हनून केलं. माझं कन्नड ऐकून तिला आधी हसूच आलं, त्यांचं म्हैसूरकडचं येगळं असतंय. मग ती म्हनली, असं व्हय. मग सांग अक्का, माझ्या जागी तू असतीस तर घेतली असतीस का?

मी न्हाई म्हनले. घेतली नसती.

सविता म्हनायली आई, खाली रिक्षा थांबलीय. मी म्हनले थांबू दे. पिशवी खाली ठिवली, आन् मी माझ्या हातानं नीट केलेली ती चादर वडून काढली, उशा फेकल्या, टावेल जमिनीवर टाकले. सविताला वाटलं आईला याड लागलं. मी खुर्चीवर बसले आन् गौरम्माला म्हनले, कर. मी बसलेय.

लई अवघड होतं हो ते. हात नुसते शिवशिवायले, मी ते पदरात गुंडाळून घेतले. गौरम्मा चादर झटकायली, चादर फुगली, हळूच खाली आली, आन् तिनं कोपरे दाबले, आमच्यासारखे न्हाई, तिरपी घडी घालून, पाकिटासारखे. मग हात फिरवला. मी आपली बघतच बसले. इतकी वर्सं मी हे काम करायलेय, पन करताना ते दिसत न्हाई ना आपल्याला. ते कसं दिसतंय ते मी तवा पयल्यांदा बघितलं, आन् मला रडायलाच आलं. इतकं देखनं काम हाय आपलं, मी म्हनले. सविता माझ्याजवळ येऊन उभी राहिली, माझ्या खांद्यावर हात ठिवला, रिक्षाचं नाव काढलं न्हाई.

झाल्यावर मी उठून दोनी हातानं नोट दिली. गौरम्मानं घेतली, डोळ्याला लावली. आन् मग डोक्यातला गजरा तोडून निम्मा माझ्या केसात माळला. मी म्हनले ना तुमाला, पावन्या बाईला रिकाम्या हातानं पाठवत न्हाईत. तिकडंबी तसंच हाय.

तर किती द्यायचं इचारलात ना? मला काय म्हाईत किती. देताना कपाळाला आठी पडनार न्हाई तेवढं द्या. आन् नसलं तर जाताना येते कस्तुराबाई म्हना, तेबी मला दिवसभर पुरतंय. माझं बरं चाललंय, लेक बरी हाय, मालक रोज त्या नसलेल्या म्हशीचं दूध काढत्यात, अजून काय पायजे. तुमचंबी लेकराबाळाचं भलं होऊ द्या, चांगलं लिव्हा.

आन् येक सांगू का, राग नका मानू. सकाळी तुमच्या रूममधी गेले तर चादरीची घडी, उशा नीट, कप धुवून पालथे. तुमी चांगल्या घरच्या हाव हे दिसलं मला. पन उद्या पलंग तसाच राहू द्या. मी येते, आन् तुमी खुर्चीवर बसा.