आल्हादचं बरोबर होतं

— नाही, नाही, तू बस ना, स्वरदा. आल्हाद आतल्या खोलीत आहे, येईल... बघू. आधी पाणी घे. बंगळुरूहून एवढी आलीस, तुमच्या प्रयोगशाळेतून त्याची चौकशी करायला आलेली तू पहिलीच. माझी अख्खी नोकरी वीज मंडळात गेली बघ, त्यामुळे हा इलेक्ट्रॉनवर पीएच.डी. करतोय म्हटल्यावर मला वाटलं, अरे, हे तर आपलंच खातं! तर म्हणाला, बाबा, तुमच्या तांब्याच्या तारेतले इलेक्ट्रॉन साधे — एकमेकांची फारशी दखल न घेता जातात. माझ्या धातूतले एकमेकांत इतके गुंतलेले, की एकाला धक्का लागला की सगळ्यांना लागतो. लेझरचा झोत मारायचा, ते उधळतात, एकमेकांवर आदळतात, मग हळूहळू निवतात — त्यांना निवायला किती वेळ लागतो, ते मोजायचं. हसू नकोस, तुला हे सगळं माहितीये, पण मला तो इथं जेवताना वाट्या सरकवून दाखवायचा.

आणि धातू जितका थंड करत जावा तितका त्यांना जास्तच वेळ लागतो, असं त्याला दिसलं — बरोबर ना? तुमचे सर म्हणाले, धातूचा नमुनाच लेझरनं तापतोय, चूक तुझी आहे. यानं परत मोजलं. तेच. परत मोजलं — तेच! मग म्हणे सगळ्यांदेखत सर म्हणाले, तुला मोजताच येत नाही. तू होतीस का गं तेव्हा? — नको, राहू दे. विचारायला नको होतं मी.

पीएच.डी. सोडून घरी आला तेव्हा कसा होता, काय सांगू. जेवण नाही, बोलणं नाही, भिंतीकडे तोंड. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. आणि एक दिवस आपणहून म्हणाला, बाबा, चुकलंच असणार माझं. बस — तिथून माणसात आला. झोपायला लागला, गंगापूर रोडला क्लासमध्ये शिकवायला लागला. एका रविवारी म्हणाला, चला, मिसळ खाऊन येऊ. तिखट लागलं असं दाखवत मी डोळे पुसले, काय करणार.

आणि काल तुझा फोन. नव्या यंत्रावर मोजलं, आल्हादचंच बरोबर निघालं, शोधनिबंधात त्याचं नाव पहिलं, सर परत बोलावतायत... मला तर काय करू नि काय नको असं झालं! पेढे आणले. तो क्लासवरून आला तसं दारातच सांगितलं. हसला नाही गं तो. बूटही न काढता उभा राहिला. म्हणाला, 'म्हणजे माझं बरोबर होतं, आणि मी सोडून आलो.' आत गेला, कडी लावली. आज क्लासला गेला नाही. इंदिरा, त्याची आई, सकाळपासून त्याच्या दाराशी खुर्ची टाकून बसलीये.

तुझा काय दोष यात? माझा तरी काय? चांगलीच बातमी ना ही — तूच सांग, चांगलीच ना? चुकलो म्हणाला तर सावरला, आणि बरोबर निघाल्यावर... वीज गेली की कुठं बघायचं ते मला कळायचं, फ्यूज बघ, तार बघ. इथं मी हात कुठं घालू?

— अगं, उठलीस कुठं? नाही, तिकडे नको. नाही भेटायचं, स्वरदा. तू गुणाची मुलगी आहेस, पण तुझा आवाज ऐकून त्यानं दार उघडलं, तर पुढं काय बोलणार आहेस तू? सांग ना. — असू दे. जा तू आता. रिक्षा कोपऱ्यावर मिळेल. जा, बाळ.